लोखंडावरचे बूट

आमच्या गावात एक दार हवेत उघडतं. बसस्टँडकडून नगरपालिकेकडे यायला लागलं की उजव्या हाताला, पहिल्या मजल्यावर ते दिसतं. दाराबाहेर ना गॅलरी, ना जिना, ना साधा छज्जा. चौकटीत दोन आडवे लोखंडी पाइप बसवलेत आणि त्यांच्यामागे एक बाई शिलाई मशीन चालवत बसलेली असते. गावात नवीन आलेला माणूस मान वर करून बघतो आणि हसतो, की कोणत्या येड्याने बांधलं असेल हे. मी त्याच गावच्या नगरपालिकेत बांधकाम विभागात अभियंता आहे. ते दार तसं का राहिलं हे मला नीट माहीत आहे, म्हणून मी मान वर करत नाही. बरेचदा मागच्या गल्लीने जातो.

गावाचं नाव लिहीत नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, लोणारपेक्षा थोडं मोठं, एवढं पुरे.

झालं असं, की काही वर्षांपूर्वी घरांचे नकाशे तपासायचं आणि बांधकामाची पाहणी करायचं काम नगरपालिकेने खासगी फर्मकडे दिलं. आमच्याकडे माणसं कमी, फायलींचे ढीग मोठे. लोक चपला झिजवून कंटाळले होते आणि त्यांच्या शिव्या खाऊन आम्हीही कंटाळलो होतो. तेव्हा नकाशा फर्मने तपासायचा, जोत्याच्या वेळी आणि स्लॅबच्या वेळी फर्मच्या माणसाने जागेवर जायचं, लोखंड मोजायचं, फोटो काढून फायलीला लावायचे आणि सही करायची. आम्ही फक्त फर्मवर लक्ष ठेवायचं. त्यासाठी मधूनमधून एखादी फाइल उचलून, कोणालाही न कळवता त्या जागेवर जायचं आणि फर्मने खरंच पाहिलं की नुसती सही ठोकली ते बघायचं. बुलढाण्याला आमचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं, त्यात ‘न कळवता’ हे दोन शब्द साहेबांनी चारदा उच्चारले. मी ते वहीत लिहून खाली रेघही मारली होती.

आमच्या गावात नगरपालिकेच्या यादीवर आलेली फर्म निघाली माझ्या सरांची.

सर म्हणजे पॉलिटेक्निकला मला शिकवलेले सर. निवृत्तीनंतर घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी ऑफिस टाकलं होतं. मी गरीब घरचा, इंग्रजीला भिणारा. वर्गात या माणसाने मला पुढच्या बाकावर बसवलं नसतं, तर आज मी कुठे असतो कोण जाणे. एकदा त्यांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं, उजवा हात सरळ पुढे धरायला लावला आणि तळव्यावर एक वीट ठेवली. हात थरथरायला लागला तसा त्यांनी माझा दंड वरच्या बाजूने चिमटीत धरला. ‘कुठं ताण येऊन राह्यला बे? वर का खाली?’ मी म्हटलं, ‘वर, सर.’ ‘मंग गॅलरीचं लोखंड कुठं पायजे?’ ‘वर, सर.’ ‘खाली गेलं त?’ ‘गॅलरी पडते, सर.’ त्या वर्षीच्या परीक्षेत हाच प्रश्न आला आणि मला पैकीच्या पैकी मार्क पडले. सरांनी तो पेपर वर्गात फिरवला होता.

आता अशा माणसाकडे न कळवता जायचं कसं? चोर पकडायला गेल्यासारखं? मला ते जमेना. पहिल्याच वेळी मी फोन केला, ‘सर, उद्या अमक्या जागेवर येऊन राह्यलो.’ सर म्हणाले, ‘ये ना बाबू, बरं झालं.’ मग तीच पद्धत पडून गेली. मी फाइल उचलायची, आदल्या दिवशी सरांना फोन करायचा, दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून जायचं. सरांचे गुडघे पार गेले होते. शिडी चढणं त्यांना शक्य नव्हतं. ते खाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे आणि मी वर जायचो. ‘वर जाऊनच राह्यला त माह्या मोबाइलवर फोटोबी घेजो,’ असं ते म्हणायचे. म्हणजे त्यांच्या पाहणीचे फोटो मीच काढायचो, आणि त्यांची पाहणी बरोबर झाली हा शेराही मीच मारायचो. मी वर जाऊन आलो म्हणून सर सही करायचे आणि सरांची सही आहे म्हणून मी करायचो. कुंपणच शेत खातं म्हणतात, पण आमच्याकडे कुंपण आणि शेत एकमेकांच्या गळ्यात गळे घालून बसले होते. त्यात काही वाकडं आहे असं तेव्हा माझ्या मनातही आलं नाही, उलट मी सरांची सेवाच करतो आहे असं वाटायचं.

दारातली ही बाई तेव्हा घर बांधत होती. नवरा एसटीत कंडक्टर, सतत ड्यूटीवर. ही ब्लाउज शिवायची. घराचं बांधकाम हिनेच अंगावर घेतलं होतं. नकाशा घेऊन ती पहिल्यांदा ऑफिसात आली तेव्हा तिने बोट ठेवून मला एकच गोष्ट दाखवली होती, रस्त्यावरची चार फुटांची गॅलरी. ‘आतमंदी उजेड नाई येत साहेब. काळ्या कपड्यावर काळा दोरा दिसतच नाई. डोळे गेले माहे. गॅलरीत मशीन ठेवली की दिवसभर उजेड.’ तिला बाकीच्या घराचं फारसं काही नव्हतं. स्वयंपाकघर किती फूट हेही तिला धड सांगता आलं नाही.

तिच्या स्लॅबची फाइल मी उचलली. सरांना फोन केला. सरांनी तिला कळवलं. आणि नगरपालिकेचे साहेब येणार म्हटल्यावर त्या बाईने माझ्यासाठी वरण-बट्टी मांडली.

आमच्याकडे स्लॅब म्हणजे कार्यच असतं. सकाळी पूजा, नारळ, मालाचं पहिलं घमेलं घरच्या बाईच्या हाताने टाकायचं आणि मग सगळ्या मजुरांना पोटभर जेवण. मी पोचलो तेव्हा अंगणात शेणाच्या गोवऱ्यांत बट्ट्या भाजत होत्या, मिक्सर सुरू झाला होता आणि सर खाली खुर्चीवर बसून चहा पीत होते. त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. मी शिडीने वर गेलो.

लोखंड सुरेख बांधलेलं होतं, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. मिस्त्री चांगला होता. गॅलरीच्या सळ्या वरच्या बाजूला, खाली सळईचेच छोटे वाकवलेले घोडे लावून उचलून धरलेल्या. वर्गात सर फळ्यावर काढायचे अगदी तसं. मी फोटो काढले. मोजलं. सगळं बरोबर होतं. तिथेच मी खाली उतरलो असतो, तर आज मी हे लिहीत बसलो नसतो.

तेवढ्यात बाई आणि तिचा नवरा पूजेचं ताट घेऊन वर आले. नवऱ्याने त्या दिवसापुरती रजा काढली होती. पूजा कुठे करायची? तिने सरळ गॅलरीत ताट ठेवलं, कारण तिचं घर म्हणजे ती गॅलरीच होती. दोघं सळ्यांवर उभे राहिले. नारळ फुटला. मग तिने मला हाक मारली, ‘साहेब, या ना, तुमीबी या. एक फोटो होऊ द्या.’ मी म्हणालो, ‘राहू द्या ताई.’ ती म्हणाली, ‘असं कसं? तुमी नगरपालिकेचे साहेब. या इकडं, मधात उभे राहा.’

मी गेलो. तिने चपला खाली काढून ठेवल्या होत्या. माझ्या पायात बूट होते. मिस्त्रीने सरांच्याच मोबाइलवर आमचा फोटो काढला. तो ‘अजून एक, अजून एक’ म्हणत होता आणि माझ्या बुटाखाली काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. खाली पाहिलं तर घोडे आडवे झाले होते आणि सळ्या आमच्या वजनाने पार तळाच्या फळीला टेकत आल्या होत्या.

मिस्त्रीनेही पाहिलं. तो हळूच म्हणाला, ‘साहेब, दबलं वाटते.’

मी म्हणालो, ‘माल टाकताना उचलून घेजो.’

‘हाव,’ तो म्हणाला.

त्या वेळी थांबायला हवं होतं. मिक्सर बंद करा म्हणायला हवं होतं. अर्ध्या तासाचं काम होतं. घोडे उभे करायचे, सळ्या वर बांधायच्या आणि माझ्या डोळ्यांदेखत माल पडू द्यायचा. पण मजूर घमेली घेऊन रांगेत उभे होते, बाईच्या तोंडावर आनंद मावत नव्हता, आणि खालून सरांनी आवाज दिला, ‘काऊन रे, ये ना, बट्टी थंडी होऊन राह्यली!’ मी उतरलो. सरांनी विचारलं, ‘पाह्यलं ना सारं?’ मी म्हटलं, ‘हो सर.’ ‘मंग झालं. तू पाह्यलं म्हणजे मी पाह्यलं.’ मी तुपात बुडवून तीन बट्ट्या खाल्ल्या. चौथी बाईने आग्रहाने वाढली, तीही खाल्ली.

तीन-चार महिन्यांनी ती ऑफिसात आली. तिच्या हातात दोऱ्याचं रीळ होतं. माझ्या टेबलावर तिने ते आडवं ठेवलं आणि म्हणाली, ‘साहेब, हे असं ठेवलं की आमच्या गॅलरीत चालाले लागते. कठड्याकडं जाते. पह्यले नव्हतं जात.’ शेजारचा कारकून हसला. मला हसू आलं नाही.

मी तिच्यासोबतच गेलो. दाराच्या उंबऱ्याला लागून, गॅलरीच्या वरच्या बाजूने, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक चीर गेली होती. बोटाचं नख आत जाईल एवढी. खालून काहीच दिसत नव्हतं. ताण वर येतो. माझा उजवा दंड खरंच दुखल्यासारखा झाला. मी लगेच बांबूचे टेकू लावायला लावले, मशीन आत घ्यायला लावली, गॅलरीत पाऊल टाकायचं नाही असं बजावलं. तेवढं एक मी वेळेवर केलं. ते स्वतःला सांगून बरं वाटून घ्यायचा प्रयत्न मी बरेच दिवस केला, पण बरं वाटलं नाही.

मुख्याधिकाऱ्यांनी अहवाल मागितला. ‘फर्मची चूक आहे का मालकाची, तेवढं स्पष्ट लिहा,’ ते म्हणाले. नगरपालिकेची असू शकेल हे त्यांच्या डोक्यातही नव्हतं. मी सांगितलंही नाही. फर्मची लिहावी तर सर यादीवरून जाणार, या वयात त्यांच्यावर चौकशी बसणार. आणि चौकशीत सरांच्या मोबाइलमधला तो फोटो निघणार. सरांच्या ऑफिसातलं कागदाचं काम त्यांची सून बघायची, तिने फायलीला फोटो जोडताना तोही जोडून टाकला होता. नवरा, बायको आणि मधोमध मी, सळ्यांवर बूट रोवून उभा. सरांना वाचवायचं म्हणून मी तसं लिहिलं, असं मी पुष्कळ दिवस धरून बसलो होतो. खरं म्हणजे मी माझे बूट वाचवत होतो.

अहवालात मी लिहिलं: मालकाने गॅलरीत मंजूर वापराव्यतिरिक्त शिलाई मशीन व इतर सामान ठेवून जादा भार टाकल्यामुळे तडा गेला आहे, सबब सदर गॅलरी मालकाने स्वखर्चाने उतरवून घ्यावी.

ते मशीन मी पाहिलं होतं. माझ्यापेक्षा हलकं होतं.

नोटीस शिपायाच्या हाती पाठवता आली असती, पण मी स्वतः गेलो. का गेलो ते मला आजही कळत नाही. तिने नोटीस उंबऱ्यात उभं राहून सावकाश वाचली. मग माझ्याकडे बघून विचारलं, ‘साहेब, मशीनीचं इतकं वजन राह्यते काय?’

मी म्हणालो, ‘हो.’

‘मले वाटलं, बायका गॅलरीत गहू वाळू घालतात, पाण्याच्या टाक्या ठेवतात, मशीनीनं काय होते.’

‘मशीन हलते ना ताई. हादरा बसतो.’

एवढी विद्या मी त्या एका वाक्यात वापरली. ती ‘बरं’ म्हणाली आणि मला पाणी दिलं. मी ते प्यालो. तिने महिन्याभरात गॅलरी उतरवली. मजूर घण मारत होते तेव्हा मी त्या रस्त्याने गेलो, आणि तुटलेल्या काँक्रीटमधून सळ्या बाहेर लोंबताना पाहिल्या. सगळ्या खालच्या बाजूला होत्या. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही त्यातलं काही कळलं नसतं. मला कळलं आणि मी गाडी पुढे काढली.

सरांचा फोन आला होता. ‘काय झालं रे त्या गॅलरीचं?’

‘लोड जास्त झाला, सर.’

त्यांनी विचारलं, ‘लोड का लोखंड?’

‘लोड, सर.’

‘बरं,’ सर म्हणाले. पुढच्या आठवड्यात त्यांचा अर्ज आला, प्रकृतीच्या कारणास्तव आमचं नाव यादीतून कमी करावं. ज्यांच्यासाठी म्हणून मी खोटं लिहिलं, ते स्वतःच बाजूला झाले. मी त्यांच्याकडे गेलो नाही. दिवाळीला दरवर्षी जायचो, त्या वर्षी नाही गेलो. अजूनही गेलेलो नाही.

आता दुसरी फर्म आहे, बाहेरगावची. त्यांना मी फोन करत नाही. न कळवता जातो, शिडी चढतो, लोखंडावर कोणालाही उभं राहू देत नाही, पूजा खाली जमिनीवर करायला लावतो. मजूर मला खडूस म्हणतात. म्हणोत. ताक फुंकून पिणारा माणूस शहाणा दिसतो, पण तोंड भाजलं होतं दुसऱ्याचंच.

परवा त्या बाईच्या घराची इतके दिवस रखडलेली शेवटची पाहणी माझ्याकडे आली. घर राहायला योग्य आहे असा दाखला द्यायचा होता. नव्या फर्मने सही केली होती, मला फक्त खात्री करायची होती. मी जिना चढून वर गेलो. ती त्या दारात बसून शिवत होती, गुडघे पाइपांना टेकलेले, मशीनवर रस्त्याचा उजेड. तिला तिचा उजेड मिळाला होता, चार फूट कमी. मला पाहून ती लगबगीने उठली.

भिंतीवर तो फोटो होता. मोठा करून, चौकट करून लावलेला. तिने तो सरांकडून मागून घेतला असणार. नारळाचं पाणी सळ्यांवर सांडलेलं, तिचे अनवाणी पाय, नवऱ्याचे अनवाणी पाय आणि मधे माझे काळे बूट. सळ्या वाकलेल्या दिसत होत्या. बघणाऱ्याला बघता आलं तर सगळं त्यात होतं. मी वळून दुसरीकडे पाहिलं, पण दुसरीकडे ते दार होतं.

मग मला राहवलं नाही. मी म्हणालो, ‘ताई, ती गॅलरी मशीनीमुळे नाही गेली. चूक माझी होती. मी लोखंडावर उभा राहिलो, ते दबलं.’

मला वाटलं ती ओरडेल. मला तेच हवं होतं. तिने मला चार माणसांत झापावं, मुख्याधिकाऱ्यांकडे जावं, नोटीस माझ्या तोंडावर फेकावी.

ती कसनुशी हसली, आपणच पकडले गेल्यासारखी. ‘मले मालूम हाय साहेब. मिस्त्रीनं सांगतलं मले, गॅलरी तोडली तवाच. म्या कोणाले नाई बोलली. मीच त तुमाले हाका मारून मारून तठी उभं केलं. माह्याच हौसेनं गेली गॅलरी.’

‘नाही ताई, मी...’

‘जाऊ द्या,’ ती म्हणाली, माझी समजूत काढत. ‘तुमाले काय मालूम राह्यते बाप्पा लोखंडाचं? तुमी सायब लोक. तुमाले त सही कराची राह्यते.’

तळव्यावर वीट घेऊन वर्गासमोर उभा असलेला मुलगा मला आठवला. मला मालूम होतं, ताई. सगळ्या वर्गात मलाच सगळ्यात चांगलं मालूम होतं. एवढं एक वाक्य बोलायचं राहिलं होतं, आणि तिने माझ्यासाठी पळवाट उघडून धरली होती.

तिने मशीनवरचं कापड बाजूला केलं, कागद ठेवायला जागा करून दिली. मी खिशातून पेन काढलं आणि सही केली.